एस्प्लनेडहून सायकलने

पन्नाशीच्या आसपास सायकल पुन्हा हातात घेणाऱ्या माणसाला सल्ल्यांची कमतरता पडत नाही. गुडघ्यांची काळजी, रहदारीची भीती, वयाची आठवण, सगळं न मागता मिळतं. सुरुवात कशी करायची, कोणाबरोबर करायची आणि ती टिकते कशाने, हे मात्र कोणी सांगत नाही. मी सांगलीत वाढले, नोकरीच्या बदलीने कोलकात्याला आले. भवानीपूरला घर, एस्प्लनेडला ऑफिस. कॉलेजनंतर सुटलेली सायकल मला या शहरात परत मिळाली, आणि आता इथल्या एका सायकल-गटाबरोबर मी रविवारी बाहेर पडते. त्या सोबतीत जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. वेळ कमी असेल त्यांनी सहावा मुद्दा तेवढा वाचावा. माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे.

1. सायकलचा तोल शरीर विसरत नाही, हे खरं आहे. पहिल्या पाच मिनिटांत तो परत येतो. परत येत नाही ती चालत्या सायकलवरून मागे वळून बघायची सवय. सांगलीच्या गावभागातून विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजला मी सायकलने जायची, तेव्हा मागून येणारी एसटी आवाजावरूनच कळायची. चौरंगीवर आवाजाच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे आवाज सगळीकडूनच येतो, आणि बस प्रवासी घ्यायला एकदम डावीकडे कापते. मान मागे वळवली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळतं आणि पुढचं चाक रेघ सोडतं. वयाबरोबर मान आखडलेली असल्यामुळे हे जास्तच होतं.

आमच्या गटात नव्या माणसाला आधी मैदानाच्या कडेच्या शांत रस्त्यावर नेतात. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवरून सायकल चालवायची. मागून येणारा बोटं वर करतो, ती किती आहेत ते वळून बघून सांगायचं, आणि चाक पट्टीवरून हलू द्यायचं नाही. ते जमलं की तेच एक हात सोडून, वळण्याची खूण करत. कंटाळवाणं वाटतं, पण हे अंगात मुरल्याशिवाय मोठ्या रस्त्यावर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. हेल्मेट घालावंच. ते पडल्यावर वाचवतं, वळलेली मान पडूच देत नाही.

2. सायकल घेताना आधी आपलं माप द्यावं, किंमत नंतर विचारावी. एस्प्लनेडच्या चौकातून उत्तरेला लालबाजारकडे बेंटिंक स्ट्रीट जाते. एके काळी चिनी कारागिरांच्या बुटांच्या दुकानांसाठी ती प्रसिद्ध होती. सायकलवाल्यांसाठी ती आजही सायकलच्या दुकानांची गल्ली आहे. दुकानांच्या पुढ्यात फुटपाथवर मिस्त्री बसलेले असतात, आणि दुकानात जे कोणी सांगत नाही ते तिथे कळतं.

माझी सायकल बसवून देणारे मिस्त्री वयस्क होते. त्यांनी मला भिंतीला हात टेकवून सीटवर बसायला सांगितलं. पायडल अगदी खाली, त्यावर टाच. "हाँटू शोजा, दिदी," म्हणाले. गुडघा सरळ झाला पाहिजे. तो सरळ होईपर्यंत ते सीटची नळी वर घेत राहिले. मग टाच काढून पंजा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढाच किंचित वाक उरतो. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची पद्धत आहे. पुन्हा सायकल चालवायला लागलेल्या कितीतरी जणांचे गुडघे तिथेच दुखायला लागतात, आणि बिल मात्र वयावर फाडलं जातं. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एवढं शिकलं की उंच सीटची भीती जाते.

टायर बारीक घेऊ नये. शर्यतीच्या सायकलचं बारीक चाक दिसायला देखणं असतं, पण या शहरात रुळांच्या खाचा, उखडलेल्या कडा आणि पावसाळी खड्डे आहेत. 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड आणि मागे कॅरिअर असावं. हवेचा दाब टायरच्या कडेवरच उमटवलेला असतो. आठवड्याला एकदा तेवढी हवा भरली की निम्मी पंक्चरं टळतात.

3. रूळ आडवे ओलांडावेत. सांगली-मिरजेच्या, पुण्याच्या किंवा नाशिकच्या सायकलवाल्याला हे शिकावं लागत नाही, कोलकात्यात पहिल्या दिवशीच शिकावं लागतं. इथे घोड्यांची ट्राम 1873 साली आली. विजेवरची पहिली ट्राम 27 मार्च 1902 रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर धावली. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढा वारसा म्हणून एक मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ट्राम ही सायकलला न घाबरवणारी एकमेव मोठी गाडी आहे. ती रूळ सोडून अंगावर येत नाही. गाड्या कमी झाल्या तरी लोखंड अनेक रस्त्यांत अजून तसंच आहे.

रुळाच्या आतल्या बाजूला डब्याच्या चाकासाठी खाच असते, आणि सायकलचं पुढचं चाक त्यात नेमकं बसतं. बसलं की हँडल आपलं राहत नाही. म्हणून रूळ तिरका कापायचा नाही. आधी वेग कमी करायचा, मागे बघायचं, सायकल थोडी वळवून रुळाला शक्य तितकी काटकोनात आणायची, सीटवरून किंचित उठून दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायची आणि हँडल घट्ट न आवळता पार व्हायचं. लोखंडावर असताना ब्रेक अजिबात लावायचा नाही. पाऊस पडत असेल तर हेच सगळं अर्ध्या वेगाने. शेजारून बस येत असेल आणि काटकोन साधायला जागा नसेल तर उतरून सायकल हातात धरायची. दोन रुळांमधली पट्टी गुळगुळीत आणि मोकळी दिसते, आणि माणूस नकळत तिच्यात शिरतो. शिरलं की बाहेर पडताना पुन्हा तोच रूळ. एस्प्लनेडच्या ट्राम डेपोपाशी पहाटे रस्ता रिकामा असतो. सराव तिथेच करावा.

4. वेळ घड्याळाने ठरवू नये, सूर्याने ठरवावी. कोलकाता सांगलीच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे इथे सूर्य आपल्याकडच्यापेक्षा जवळपास तासभर आधी उगवतो. जूनमध्ये पाचच्या आत उजाडलेलं असतं. उन्हाळ्यात पाचला निघून आठच्या आत परतावं. त्यानंतरचा दमटपणा माणसाला पिळून काढतो. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर लागते. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वायव्येला आभाळ काळवंडलं की कालबैशाखीचं वादळ समजावं आणि आडोसा गाठावा. पावसाळ्यात ठनठनियाच्या आणि सेंट्रल अॅव्हेन्यूच्या आसपास पाणी तुंबतं. तुंबलेल्या पाण्यातून सायकल घालायची नाही, खाली झाकण आहे की उघडं गटार ते दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी सुखाची असते, पण पहाटेची हवा जमिनीलगत धुराने जड झालेली असते. त्या दिवसांत आम्ही ऊन वर आल्यावर निघतो.

5. गटाची खरी ओळख त्याच्या शेवटच्या सायकलवरून होते. पुढे कोण आहे हे कोणालाही दिसतं. आमच्याकडे सगळ्यात अनुभवी माणूस मागे असतो. त्याच्या पिशवीत पंप, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पाने आणि मलमपट्टी असते, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही हा एकमेव कडक नियम आहे. पुढचा माणूस दर चौकात थांबून मागचा दिसल्यावरच निघतो. खड्डा, रूळ, उघडं दार, थांबलेली रिक्षा, जे दिसेल ते हाताने दाखवत आणि ओरडून मागे पोचवायचं. शेजारी-शेजारी दोघांनी चालवायचं नाही, गप्पा चहाला मारायच्या.

आमच्यात निवृत्त शाळामास्तर आहेत, रात्रपाळी संपवून थेट येणारी नर्स आहे, सॉल्ट लेकमधली संगणकावर काम करणारी मुलं आहेत. आणि विट्याकडचा एक तरुण आहे. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी पसरलेले आहेत, हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असतं असं नाही. दुष्काळी गावांतून निघालेली ही माणसं तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पोचली. हा मुलगा बडाबाजारात काकांच्या हाताखाली शिकला. पहिल्या रविवारी मी माझं नाव सांगितलं तसा तो म्हणाला, "ताई, तुमी सांगलीच्या का? आमी विट्याचं." इतक्या वर्षांत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला खूप मराठी कानावर पडलं होतं, पण माझ्या आजोळची बोली मला सेंट्रल अॅव्हेन्यूवर सायकल चालवताना ऐकू आली. गटात येण्याचं दुसरं कुठलंही कारण नसतं तरी हे पुरलं असतं.

काहीजण लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे वळतात. त्याला ब्रेव्हे म्हणतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस, 600 चाळीस. एका हंगामात चारही पूर्ण केले की सुपर रँदोनर. त्याच्या पलीकडे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, सुमारे 1200 किलोमीटर, नव्वद तास. या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. तरी पहिल्या वर्षी मनगटावर आणि हँडलवर आकडे नकोत. आकडा समोर असला की नजर रस्त्यावरून उठते, आणि पुन्हा सुरुवात करणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज नजरेचीच असते.

6. आपण सायकलवर परत आलो. पण काही माणसं सायकलवरून कधी उतरलेलीच नव्हती. आमचा गट टिपू सुलतान मशिदीच्या समोरच्या बाजूला जमतो. आम्ही पोचतो तेव्हा एस्प्लनेडचे फुटपाथ वर्तमानपत्रांनी झाकलेले असतात. गठ्ठे सुटतात, पुरवण्या आत सरकवल्या जातात, इंग्रजी-बांगला-हिंदी-उर्दू वेगवेगळे लागतात आणि बघता बघता ते सगळे सायकलींवर चढतात. तिथली एक सायकल मी नीट पाहिली आहे. पुढे दोन दांड्यांची जुनी चौकट, मागच्या कॅरिअरला वेल्डिंग करून जोडलेली लोखंडी फळी, गठ्ठे बांधायला फाटक्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, आणि हँडलला पावसासाठी घडी केलेलं प्लास्टिक. घंटी नव्हती, ब्रेक-शू नवे होते. त्याच वेळी हावडा पुलाकडून मल्लिक घाटाची फुलं येतात, छान्याचे डबे येतात, दूध येतं, मासळीच्या अॅल्युमिनियमच्या हंड्या येतात. आम्ही व्यायामासाठी जितके किलोमीटर चालवतो तितके ही माणसं ओझं घेऊन रोज चालवतात.

आणि याच शहरात सायकलला बंदी आहे. 2008 मध्ये पोलिसांनी 38 रस्त्यांवर ती घातली. 2013 मध्ये ती 174 रस्त्यांपर्यंत वाढली. लोक रस्त्यावर उतरले, 'चक्र सत्याग्रह' झाला, आणि यादी 62 वर आली. कारण सांगितलं जातं ते असं की शहराच्या क्षेत्रफळाच्या मानाने रस्ते फार कमी आहेत, सहा टक्क्यांच्या आसपास, आणि सायकलीमुळे मोटारींचा वेग मंदावतो. मला हे गणित उलटं वाटतं. जागा कमी असेल तर कमी जागेत मावणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायला हवी. एका मोटारीच्या जागेत किती सायकली उभ्या राहतात हे एस्प्लनेडच्या कुठल्याही कोपऱ्यावर डोळ्यांनी दिसतं. 2020 च्या टाळेबंदीत बस-मेट्रो बंद होत्या तेव्हा हीच सायकल सगळ्यांच्या उपयोगी पडली, त्या जूनमध्ये बंदी शिथिल झाली, सायकलसाठी वेगळ्या मार्गिकांच्या योजना आखल्या गेल्या. संकट सरलं तशी पुन्हा सायकल अडचणीची झाली.

हे राज्य सायकलचं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सायकल असलेल्या घरांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त पश्चिम बंगालमध्ये निघालं, जवळपास 79 टक्के. 2015 पासून 'सबुज साथी' योजनेतून नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली मिळतात, त्यांची संख्या कोटीच्या पुढे गेली आहे. जिल्ह्यातली मुलगी सरकारने दिलेल्या सायकलवर शाळा पूर्ण करते आणि राजधानीत नोकरीला आली की त्याच सायकलला मोठ्या रस्त्यावर मज्जाव असतो. हे मला सहन होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सायकल-क्लबने रविवारच्या फेरीवर थांबू नये. वर्तमानपत्रवाला वाहतूक पोलिसांचा सार्जंट टाळण्यासाठी चार गल्ल्या वळसा घालून जातो आणि आपण हेल्मेट-जर्सी घालून रविवारी रिकाम्या रस्त्यावरून बिनबोभाट जातो, तेव्हा त्या रस्त्यावर दोघांचा हक्क सारखा आहे हे बोलून दाखवायची जबाबदारी आपली आहे. आपल्याला अर्ज लिहिता येतात, नगरसेवकाला भेटायला वेळ काढता येतो, आपल्याकडे पाहून लोक ऐकतात. आमच्या गटाने सह्यांच्या मोहिमांत भाग घेतला आहे, सायकल हक्कासाठी काम करणाऱ्या इतर मंडळींच्या फेऱ्यांत आम्ही जातो. आणि एक अगदी छोटं काम दर हिवाळ्यात करतो. पहाटेच्या धुक्यात मागून दिसावं म्हणून फुटपाथवरच्या सायकलींच्या मडगार्डवर लाल परावर्तक पट्ट्या चिकटवतो. पट्टी चिकटण्याआधी मडगार्डवरचा तेलकट थर पुसावा लागतो, नाहीतर आठवड्यात निघून येते. ते पुसताना जे बोलणं होतं, ते एरवी कधीच झालं नसतं.

7. कोलकात्यात सायकलला मोठी परंपरा आहे, ती माहीत असली की पायडलला बळ येतं. कुंतलीन तेलामुळे आणि सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांमुळे ओळखले जाणारे हेमेंद्रमोहन बोस सायकलींचे व्यापारीही होते. जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि डॉक्टर नीलरतन सरकार यांना सायकल चालवायला त्यांनीच शिकवलं. हे तिघेही तेव्हा वयाने मोठे होते, हे मी पुन्हा सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एस्प्लनेडच्या पश्चिमेला टाउन हॉल आहे. तिथून 12 डिसेंबर 1926 रोजी विमल मुखर्जी तीन मित्रांसह सायकलवर जगाच्या प्रवासाला निघाले. ते परतले 1937 मध्ये. त्यांच्याही आधी, ऑक्टोबर 1923 मध्ये, आपल्या मुंबईहून पारशी तरुणांची तुकडी निघाली होती. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा यांनी ती फेरी 1928 मध्ये पूर्ण केली, सुमारे 71,000 किलोमीटर. शाळेत आपल्याला हे कोणी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

8. वर्षातून निदान एकदा गटाने नदी ओलांडावी. आमचा आवडता रस्ता श्रीरामपूरचा. एस्प्लनेडहून सेंट्रल अॅव्हेन्यू, श्यामबाजारचा पाच रस्त्यांचा चौक, मग बी. टी. रोडने बराकपूर. श्यामबाजारपासून थोडं पश्चिमेला बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून आल्या, तेव्हा कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पूर्ण झाला नाही, मराठे शहरावर आलेही नाहीत, आणि 1799 मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. गावांनी मात्र फार सोसलं. इथल्या अंगाईत आजही बर्गी, म्हणजे ते मराठे स्वार, येतात. आमच्या मास्तरांनी पहिल्यांदा आम्हाला त्या गल्लीत नेलं तेव्हा मी आणि विट्याचा मुलगा पाटीखाली उभे राहिलो. बंगाली सोबत्यांनी आग्रहाने आमचा फोटो काढला आणि एकाने त्याच्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. शाळेत शिकलेला अभिमान आणि ऐकलेलं दुःख, दोन्ही मनात ठेवून मी पुढचे किलोमीटर चालवले.

बराकपूरच्या धोबीघाटावरून होडीने पलीकडे श्रीरामपूर. सायकलचं वेगळं तिकीट काढायचं, सायकल होडीत आडवी न ठेवता उभी धरायची आणि लाटेसरशी ब्रेक दाबून ठेवायचा. विल्यम कॅरीच्या काळात श्रीरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होतं. कॅरीने इथे छापखाना चालवला. त्याचं मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मराठी कोश 1810 मध्ये श्रीरामपूरलाच छापून निघाला. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत. पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या मदतीला होते. मराठी छपाईच्या आरंभीच्या या ठिकाणी कोलकात्यातला मराठी माणूस सहसा फिरकत नाही, आणि सायकलने तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. परतताना जी. टी. रोडने रिषडा, कोन्नगर, उत्तरपाडा, बाली, बेलूर करत हावडा, आणि पुन्हा होडीने बाबूघाट. रविवारी सकाळी या रस्त्यावर ट्यूशनला निघालेल्या मुलींच्या झुंडी दिसतात, पाठीला दप्तर, कॅरिअरवर मैत्रीण. त्यांना घंटी वाजवून बाजूला व्हायला सांगू नये. रस्ता आधी त्यांचा आहे.

9. भूक लागायच्या आधी खावं. इथे ते कठीण नाही. मातीच्या भांड्यातला चहा, कचोरी-आलूची भाजी, डेकर्स लेनचा टोस्ट-स्ट्यू, आणि रविवारी लवकर परतलो तर टिरेटा बाजारचा चिनी नाश्ता. गोड मात्र फेरी संपल्यावर, के. सी. दासकडे.

10. शिकवायला लागल्यावर मला स्वतःला सायकल नीट कळली. आमच्याकडे चाळिशी-साठीच्या अशा बायका येतात ज्या कधीच सायकलवर बसलेल्या नाहीत. भाऊ शिकला, त्या राहून गेल्या. त्यांना मागून धरून पळायची जुनी पद्धत वापरू नये. मोठ्या माणसाचं वजन पेलत नाही आणि सोडल्याची भीती मनात बसते. आम्ही सायकलची दोन्ही पायडलं काढून टाकतो आणि सीट एवढी खाली घेतो की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. मैदानातल्या हलक्या उतारावर पायांनी जमीन ढकलत जायचं. आधी लहान पावलं, मग लांब, मग दोन्ही पाय उचलून जमेल तितकं घरंगळायचं. तोल यायला काहींना एक सकाळ लागते, काहींना महिना. पाय उचलून सलग वीस-पंचवीस मीटर जाता आलं की पायडलं परत बसवायची, आणि सीट मात्र थोडी थोडी, दर आठवड्याला वर घ्यायची.

पायडल काढताना एक लक्षात ठेवावं. उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते सोडवायचं तर पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. जोर लावून उलटं फिरवलं की आणखी घट्ट बसतं. मध्यंतरी एकीने हे घरी मुलाला दाखवून आश्चर्यचकित केलं. येत्या रविवारी तिची आणि तिच्या नणंदेची पायडलं बसवायची आहेत. 15 नंबरचा पाना आणि थोडं ग्रीस मी पिशवीत भरून ठेवलंय.